उसाची बाजू सोडा, द्राक्षाची धरा : साताऱ्याहून मिरजेपर्यंत सायकलने

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हंगेरीत बालाटन सरोवराभोवती सायकल चालवली. ज्वालामुखीच्या टेकड्या, त्यांच्या उतारावर द्राक्षमळे आणि गाड्यांपासून बाजूला काढलेला सायकलमार्ग, हे सगळं तिथं एकत्र मिळालं. आजोळ तासगावकडचं आहे. सातारा-सांगलीत असं काही जमेल का? हाताशी पाच दिवस, सामान सायकलवरच, महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी.

डोंगर मिळतील. द्राक्षं तर नको म्हणेपर्यंत मिळतील. बाजूला काढलेला सायकलमार्ग मात्र इथं नाही. सायकलसाठी पट्टा आखलाच तर त्यावर संध्याकाळी भेळेची गाडी लागते. रिकामा रस्ता मिळतो, पण तो शोधावा लागतो. गेली बरीच वर्षं मी या दोन जिल्ह्यांत सायकलवर सामान लादून हिंडतो आणि अधूनमधून चार-सहा जणांना सोबत नेतो. रस्ता ठरवताना मी आधी एकच पाहतो : त्या भागातलं पाणी कुठून येतं आणि त्यावर काय पिकतं. ऊस असेल तर ट्रॅक्टर आलेच. द्राक्ष असेल तर दिवसाकाठी दोन-चार पिकअप. ज्वारी किंवा नुसता माळ असेल तर रस्ता तुमचा.

आधी डोंगरांबद्दल, कारण बालाटनची सवय घेऊन इथं आलात तर अंदाज चुकतील. तिथल्या बादाचोनीसारख्या टेकड्या सुट्या ज्वालामुखींच्या आहेत, तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वीच्या. टेकडीला वळसा घातला की पुन्हा सपाटी. आपल्याकडे असे सुटे ज्वालामुखी नाहीत आणि ज्वालामुखीचं तोंडही दिसत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा आला. असे थरावर थर बसले. नंतर नद्यांनी ते कापत नेले. उरले ते सपाट माथ्याचे डोंगर आणि पायऱ्या पडलेले उतार. अजिंक्यताऱ्यावरून पूर्वेला पाहिलंत तर जरंडेश्वर, चंदन-वंदन, नांदगिरी या सगळ्यांची डोकी कापल्यासारखी दिसतात ती यामुळेच.

सायकलवाल्याला ही गोष्ट पायात कळते. थराचा मधला भाग घट्ट काळवथरी असतो आणि तो कड्यासारखा उभा राहतो. वरचा भाग मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या भोकांचा, ठिसूळ. तो झिजून पायरी होते. रस्ताही त्याच हिशेबाने चढतो : दोन-तीन किलोमीटर जवळजवळ सपाट, मग एकदम छातीवर येणारी चढण, पुन्हा सपाटी. नकाशातली सरासरी चढ पाहून ‘चार टक्केच तर आहे’ असं समजून निघालेले लोक पहिल्याच टप्प्यावर उतरून ढकलताना मी पाहिलेत. सामान असेल तर पुढची, पायडलजवळची सगळ्यात लहान चेनरिंग तीस दात्यांची किंवा त्याहून कमी हवी, मागच्या चाकावरच्या कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या चक्राला निदान चौतीस दाते. रोड बाइकचे गिअर घेऊन यायचं असेल तर सामान घरी ठेवा.

साताऱ्याच्या पश्चिमेला याच थरांवर जांभ्याचं टोपण आहे. कास त्यातलंच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. तुम्ही जानेवारीत येताय. फुलं नाहीत, पण रस्ता मोकळा आहे, आणि कासच्या पुढे बामणोलीला उतरणारा रस्ता तर फारच शांत. पण मला विचाराल तर एक दिवस पश्चिमेला द्यायचा असेल तर तो चाळकेवाडीला द्या. सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरावरून वर चढलं की पवनचक्क्यांचं पठार लागतं. चक्क्यांच्या देखभालीसाठी काढलेले मुरमाचे रस्ते सड्यावरून मैलोन्‌मैल जातात आणि त्यांवर एखादी जीप सोडली तर कोणी नसतं. वारा मात्र तिथं का पवनचक्क्या उभ्या केल्या ते समजावून सांगतो. सज्जनगडावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खाली उतरणं सोयीचं.

यातून पूर्वेला निघायचं. महामार्गाने सातारा-कराड हा विचारही करू नका. पंढरपूरकडे जाणारा कोरेगावचा रस्ताही आता मोठा आणि धावता झाला आहे. रहिमतपूरला अंगापूरच्या बाजूने जा. कृष्णाकाठची गावं, दोन्ही बाजूंना ऊस, म्हणजे इथं माझा नियम मोडतोच. म्हणून हा टप्पा पहाटे उजाडता उजाडता पार करायचा. उसाची वाहतूक रात्रभर चालते, पण तोडणी सकाळी सुरू होते आणि भरलेले ट्रॅक्टर फडातून गावरस्त्यावर यायला दुपार होते. सकाळी सात ते दहा हे तीन तास बऱ्यापैकी निवांत मिळतात.

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल दोन शब्द, कारण तुमचे महिने नेमके गाळपाचे आहेत. मागे दोन ट्रेलर, मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या, चालकाला मागचं काही दिसत नाही आणि गाण्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. घंटी वाजवून उपयोग नाही. उतारावर त्याच्या मागे राहू नका, चढावर शेजारून पुढे जायला पाहू नका, कारण दुसरा ट्रेलर हेलकावतो. मागून आला तर सरळ बाजूपट्टीवर उतरा आणि त्याला जाऊ द्या. रस्त्यावर सांडलेली उसाची कांडी ओल्या दवात साबणासारखी निसटते. अंधार पडल्यावर या भागात सायकल चालवूच नये. पाठीमागे रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी रस्त्यावर असणार, हे धरूनच चाला.

रहिमतपूर सोडून औंधच्या दिशेला लागलात की चित्र पालटतं. ऊस विरळ होतो, माळ दिसू लागतात, मूळपीठ डोंगरावरचं यमाईचं देऊळ लांबूनच खूण देतं. औंधला मुक्काम करा आणि संध्याकाळी डोंगरावर पायी जा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं भवानी चित्रसंग्रहालय पाहायचं असेल तर दुसऱ्या दिवशी थोडं उशिरा निघा. पुढचा दिवस लहान आहे, चालून जातं. या संस्थानाचा आणि सायकलचा एक जुना धागाही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढून धंद्याला सुरुवात केली. बेळगावातून बस्तान हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिलं, तीच १९१० ची किर्लोस्करवाडी. तुम्ही औंधहून निघून तिथंच पोचणार आहात.

औंध, पुसेसावळी, कडेगाव, वांगी, देवराष्ट्रे. हा माझा आवडता पट्टा होता. ‘होता’ म्हणतो, कारण ताकारी आणि टेंभूच्या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी इथल्या पायऱ्यांवर चढवलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने सोनं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत किंवा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर गेली, ती हौसेनं गेली नाहीत. पण पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखान्याची वाहनं. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत ‘निर्मनुष्य’ लिहिलेले इथले रस्ते आता तसे नाहीत. कडेगाव ते वांगी हा तुकडा शक्यतो सकाळीच उरका, औंधचं संग्रहालय पाहून उशिरा निघालात तर इथं वाहनं धरूनच चाला.

पाण्याने एक भलंही केलं. कालव्यांच्या काठाने देखभालीचा कच्चा रस्ता असतो. कण्हेर धरणाकडून येणारा आरफळ कालवा सातारा, कोरेगाव, कराड करत पार पलूस-तासगावकडे जातो, आणि डोंगराच्या पायऱ्यांना धरून वाहत असल्याने त्याच्या बांधावर चढ जवळपास लागतच नाही. सामान घेऊन जाणाऱ्याला यापेक्षा काय हवं? तरी सबंध दिवस त्यावर आखू नका. मधेच फूटभर गवत, मधेच ओढ्यावरचा जलसेतू, जिथून सायकल उचलून न्यावी लागते, मधेच आडवा लोखंडी खांब. आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, पाझराने काळी माती भिजते आणि ती टायर-मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. मुरमाचा बांध असेल तर जा, काळा दिसला तर परत डांबरी गाठा. गावात शिरून ‘पाटाकडेचा रस्ता पुढं कुठवर जातोय?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं, नकाशावर मिळत नाही. पाणंद रस्त्यांचंही तसंच.

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्याच्याच अंगाला सागरेश्वर : जुन्या देवळांचा समूह आणि वर अभयारण्य. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे जंगल आहे, आज त्यात हरणं-सांबरं आहेत. अभयारण्यात सायकल सोडतील असं धरून चालू नका, प्रवेशद्वारावर विचारा. खिंडीतला रस्ता मात्र सर्वांचा आहे आणि तिथून खाली कृष्णेचं हिरवं खोरं दिसतं. उतरून कुंडल. प्रतिसरकारच्या काळातलं हे महत्त्वाचं गाव. तिथून किर्लोस्करवाडी आणि पलूस जवळच.

पलूसला द्राक्षं सुरू होतात, आणि बालाटनहून आलेल्या माणसाचा पहिला हिरमोडही तिथंच होऊ शकतो. राज्य सरकारच्या २००१ च्या वाइन धोरणानंतर नाशिककडे विंचूरला आणि इथं पलूसला वाइन पार्क काढले. नाशिकला जे झालं ते इथं झालं नाही. सांगलीचं द्राक्ष खायचं आणि बेदाण्याचं. चाखायला बोलावणाऱ्या वायनरींची रांग शोधत फिरलात तर वेळ वाया जाईल. त्याऐवजी बागा आणि बेदाण्याच्या शेड बघा. मला विचाराल तर त्या जास्त बघण्यासारख्या आहेत.

पलूस ते तासगाव मध्ये येरळा ओलांडावी लागते. माण-खटावकडून येणारी ही नदी बऱ्याचदा वाळूचा पट्टाच असते, पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. पलीकडे तासगाव तालुका. थॉम्पसन सीडलेसवरून निवडलेला तास-ए-गणेश हा वाण याच मातीतला, नावातच तासगाव आहे. तासगावात मुक्काम करा, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गणपतीच्या देवळाचं सात मजली गोपूर पाहा. दक्षिणेतल्या स्वाऱ्यांत पाहिलेलं त्यांनी इथं आणून बांधलं. मग दुसऱ्या दिवशी सावळज, सिद्धेवाडीच्या बाजूला शिरा. हे अग्रणी नदीचं खोरं. माझ्या मते सगळ्या वाटेतला हा सर्वांत चांगला तुकडा. हलकी मुरमाड जमीन, पाणी मोजकं, कोरडी हवा. द्राक्षाला हे मानवतं, कारण केवडा या रोगाला दमटपणा लागतो. मोजक्या पाण्यावर ऊस परवडत नाही, म्हणून मोठे ट्रेलर नाहीत. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणारे अरुंद डांबरी रस्ते, मळ्यावरच्या वस्त्या, मधेच शेततळ्याचा निळा कागद.

बागांशी वागण्याचे काही संकेत आहेत. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, जानेवारी ते एप्रिल काढणी. तुम्ही याल तेव्हा घड पिकत असतील. हात लावू नका. चोरी हा एक भाग झाला, दुसरा असा की कालच फवारलं असेल तर तुम्हाला कळणार नाही. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालू असेल तर वाऱ्याची दिशा पाहून लांब थांबा, तो धुरळा श्वासात घेण्याजोगा नाही. मालक दिसला तर ‘दादा, खायला मिळंल का?’ एवढं विचारा. ओंजळभर मागितलं तर पाटीभर देतात आणि पैसे घ्यायला कां-कूं करतात. सायकलच्या पिशवीत द्राक्षं टाकायची चूक करू नका, संध्याकाळी कपड्यांचा रस निघतो.

सावळजहून घाटनांद्रेच्या अंगाने वर चढायचं. पुन्हा तीच पायरी, शेवटचा एक-दीड किलोमीटर कस काढणारा. वर ढालगावचं पठार, इथंही पवनचक्क्या. पुढे नागज. या कोरड्या, वाऱ्याच्या पट्ट्यात बेदाण्याच्या शेड ओळीने लागतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीच्या मजल्यांवर पसरतात. सालीवरचा मेणाचा थर त्यामुळे सैल होतो, वारा आरपार खेळतो आणि साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा किलोभर. पिवळा रंग राखायला गंधकाची धुरी देतात. आत डोकावायचं असेल तर धुरी चालू नाही ना ते विचारून मगच. शेडवरची माणसं मोकळ्या स्वभावाची असतात, पण हंगामात त्यांच्या झोपेचे वांधे असतात. गप्पा लांबवू नका. हा टप्पा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ठेवलात तर शेड भरलेल्या दिसतील, जानेवारीत बऱ्याच रिकाम्या. त्यामुळे तुमच्या दोन महिन्यांतला मी फेब्रुवारीच घेईन. दुपारचं ऊन तेव्हा लागतं, पण तुम्ही दहा-अकरापर्यंत बहुतेक अंतर उरकलेलं असणार.

दिशाही म्हणूनच सातारा ते मिरज अशी ठेवली. सातारा सुमारे सातशे मीटरवर, सांगली-मिरज साडेपाचशेच्या आसपास. एकूण उतरंडच आहे, आणि उन्हाळ्याकडे झुकताना दुपारचा वारा पश्चिमेकडून येऊ लागतो. पावसाळ्यात येणार असाल तर हे सगळं वेगळं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि आटपाडी-जतकडे पाचशेच्या आसपास, एवढा फरक एका दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतरात पडतो. तेव्हा पश्चिम भिजत, पूर्व कोरडी.

काट्यांचं सांगायला हवं. पूर्वेच्या पट्ट्यात बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा, तिन्ही आहेत. डांबरी सोडून माळावर उतरलात की पंक्चर धरूनच चाला. ३८ ते ४२ मिलिमीटरचे टायर, ट्यूबलेस असतील तर सीलंट ताजं भरून, ट्यूब असतील तर आत पट्टी. गावात पंक्चरवाला मिळतो, पण त्याच्याकडे प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी, म्हणजे बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हसाठी, हवा भरायची सोय नसते. त्यासाठीचा छोटा पितळी अडॅप्टर आणि दोन जादा ट्यूब जवळ असू द्या. पाणी चार लिटर. वस्त्यांवरची कुत्री मागे लागली तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये घ्या, चालत पुढे व्हा. दहा पावलांत त्यांची हद्द संपते.

नागजहून कवठे महांकाळला मुख्य रस्त्याने उतरावं लागतं. चौपदरी आणि रुक्ष आहे, पण बाजूपट्टी रुंद आहे. पुढे महामार्ग सोडून खरशिंगच्या बाजूने दंडोबाला जा. डोंगरात कोरलेलं देऊळ, भोवती वन विभागाचं जंगल. तिथून मिरज एका सकाळचं.

परतीसाठी पुणे-मिरज लोहमार्ग, आणि खरं तर अख्ख्या सहलीचा विमाही तोच. कोरेगाव, रहिमतपूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी ही स्थानकं रहिमतपूर ते तासगाव या टप्प्यात तुमच्या वाटेपासून फार लांब नसतात, तिथं पाय दुखले की उतरून गाडी पकडता येते. सायकल सामानाच्या डब्यात नोंदवून न्यायची असेल तर मिरजेहून न्या. लहान स्थानकांवर गाडी एक-दोन मिनिटंच थांबते, तेवढ्यात सायकल चढवणं हमालाला पटत नाही. गाडीच्या आधी निदान तासभर पार्सल कार्यालयात पोचा, ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, पिशव्या आणि दिवे काढून घ्या आणि सायकलीवर नाव-फोन लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा. साताऱ्याला उतरणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की स्थानक माहुलीकडे आहे, गावापासून लांब. रात्रीच्या गाडीने येऊ नका.